पूर्णेत सोडलेला भोपळा

चारुशीला खारपिंपरीला आली त्या दिवशी तिनं विहिरीचं पाणी चाखलं आणि ती रडू लागली.

साल एकोणीसशे छत्तीस, माघ महिना. तिचं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. नवरा रविकांत हा खारपिंपरीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेत मास्तर. तिचं माहेर हर्णैचं, अगदी समुद्रावरचं. वडील चिंतामणभट याज्ञिकी करायचे. घराच्या ओटीवर बसलं की पुढ्यात नारळाची झाडं, वाळू आणि पाणी. तिथून पडावानं आगबोटीपर्यंत, आगबोटीनं मुंबई, मेल गाडीनं मूर्तिजापूर आणि पुढे चार तास बैलगाडी. त्या चार तासांत तिनं काळी जमीन पाहिली, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या पाहिल्या, आणि एवढं मोठं आभाळ पाहिलं की त्याखाली कुठेतरी पाणी असेलच असं तिला वाटत राहिलं. पण ते काही दिसलं नाही.

रविकांतनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या त्या पुंजाराम पाटलाच्या घरात. ओसरी दोघांची एकच. अंगणात विहीर. प्रवासाची धूळ धुवायला म्हणून चारुशीलानं पोहरा ओढला, चूळ भरली आणि थबकली. पाणी खारट होतं.

पुंजारामची बायको सुभद्रा घरातून ओरडतच धावली. "अवं, ते पेयाचं नाई! खारं हाय ते! पेयाचं पानी नदीच्या रेतीतल्या झिऱ्यावरून आनते आमी. थुकून टाक, थुकून टाक! अन् रडतं काहून?"

"खारट आहे म्हणून नाही हो रडत," चारुशीला पदरानं डोळे पुसत म्हणाली. "खारट लागलं, म्हणून बरं वाटलं."

सुभद्रा तिच्याकडे पाहतच राहिली. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "मास्तराची बायको चांगली हाय. पन डोक्यानं जराशी हलकी दिसते."

पूर्णेच्या काठच्या त्या सगळ्या पट्ट्यात विहिरींचं पाणी असंच. गुरंसुद्धा तोंड लावून मान झटकायची. चारुशीलाला मात्र भांडी घासतानासुद्धा त्या पाण्याचा वास घ्यावासा वाटायचा. बाकी गाव तिला परकंच होतं. बोलणंही कळत नव्हतं. सुभद्रा सकाळी ओसरीच्या त्या टोकावरून विचारायची, "काय करून राहिली वं?" आणि चारुशीला घाबरून सांगायची, "मी इथेच राहिलेय, कुठे गेले नाही." सुभद्रा कपाळाला हात लावायची. ती चांगली धिप्पाड बाई होती, आवाज शेतापलीकडे जाईल असा, आणि खोटं बोलण्याचा तिला मनापासून तिटकारा. कोणी थोडं वाढवून बोललं तरी ती तिथल्या तिथे म्हणायची, "हे खरं नाई." कीर्तनात बुवांनासुद्धा एकदा म्हणाली होती.

ज्येष्ठात पुंजाराम गाडीवरून पडला. पेरणी चार दिवसांवर आलेली, बी-बियाणं काढून ठेवलेलं, आणि बैल बुजून गाडी कलंडली. मांडीचं हाड मोडलं. मूर्तिजापूरहून डॉक्टर आला, त्यानं पाय फळीला बांधला आणि सांगितलं की तीन महिने खाटेवरून हलायचं नाही. साठीकडे झुकलेल्या त्या माणसानं आयुष्यात एकही पेरणी चुकवली नव्हती. आता ओसरीवरच्या खाटेवर पडून त्याला धाकटा भाऊ नत्थुजी तिफण घेऊन वावरात जाताना दिसायचा. पहिल्या दिवशी त्यानं तिथूनच ओरडून सूचना दिल्या. दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच. भाकरीचं ताट सरकवून दिलं. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचा.

आठ दिवसांनी सुभद्रा चारुशीलाच्या दारात येऊन उभी राहिली. एवढी मोठी बाई, पण आवाज खाली गेला होता.

"बाई, तू थोडी त्याइच्या जवळ बसत जाय नं. काई बी बोल. मी बोलली का अंगावर येतेत. तू परकी हाय, तुले काई म्हननार नाईत."

"पण मी काय बोलू? मला शेतीतलं काही कळत नाही."

"म्हनूनच म्हनतो बापा. शेतीचं नावच नोको काढू."

दुपारी चारुशीला तांदूळ निवडायचं सूप घेऊन ओसरीवर बसली. पुंजाराम भिंतीकडे तोंड करून पडलेला. बराच वेळ ती नुसतीच निवडत राहिली. मग तिला जे येत होतं तेच तिनं सुरू केलं. लहान असताना तिची आत्या तिला सांगायची तशी.

"आमच्याकडे वाळूत खेकडे असतात. ते तिरके चालतात. का, ठाऊक आहे?"

भिंत काही बोलली नाही.

"पहिला खेकडा सरळच चालायचा. पण तो समुद्राकडे निघाला की जमीन रुसायची, मला पाठ दाखवतोस म्हणून. जमिनीकडे निघाला की समुद्र गरजायचा. दोन्हीकडे त्याचं घर. शेवटी बिचाऱ्यानं ठरवलं, कोणालाच पाठ दाखवायची नाही. तेव्हापासून तो एक डोळा इकडे आणि एक डोळा तिकडे ठेवून मधनंच चालतो."

पुंजारामची मान हलली नाही. पण थोड्या वेळानं भिंतीकडून आवाज आला.

"असा आमचा भगवंतराव व्याही हाय. दोन्ही पोराइच्या घरी असाच चालते."

आत चुलीपाशी सुभद्रानं हातातलं काम थांबवलं. आठ दिवसांत तो पहिल्यांदा शिवीशिवाय बोलला होता.

मग रोज दुपारी हेच सुरू झालं. चारुशीलाला आत्याच्या गोष्टी पुरेनात, तेव्हा ती स्वतःच जोडू लागली. आठ हातांच्या माशाचं लग्न ठरलं आणि त्याच्या नवरीला बांगड्या भरायला आलेला कासार तीन दिवस बसून राहिला, कारण सातव्या हाताशी पोचेपर्यंत पहिल्या हातातल्या फुटलेल्या असायच्या. समुद्र दिवसातून दोनदा पलीकडच्या किनाऱ्याला पाहुणा म्हणून जायला निघतो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून काहीतरी विसरलं म्हणून परत येतो, तीच भरती. शंख म्हणजे समुद्रानं आपलं बोलणं साठवून ठेवलेले डबे.

पुंजाराम आता भिंतीकडे पाहत नव्हता. कुशीवर वळता येत नव्हतं, पण मान पूर्ण फिरवून ऐकायचा आणि भांडायचा.

"समिंदराच्या पल्याड कोनाचं वावर हाय?"

"पल्याड दिसतच नाही हो काही."

"दिसत नाई म्हनजे? धुरा, बांध कुठी हाय त्याचा? कोनी मोजला नाई?"

"नाही."

"मंग भांडनं कशावरून होतेत तिथी?"

चारुशीलाला हसू आवरेना. मोठ्या देवमाशाबद्दल तिनं सांगितलं तेव्हा त्यानं त्याच्या वेसणीची चौकशी केली. वेसण नसते म्हटल्यावर दोन दिवस तो विचार करत होता. तिसऱ्या दिवशी त्यानंच गोष्ट सांगितली, की एका वऱ्हाडी माणसानं देवमाशाच्या जोडीला औत जुंपलं आणि समुद्र नांगरायला घेतला. लाटा म्हणजे त्याच्या नांगराची तासं. पण पठ्ठ्या वळायचं विसरला, म्हणून अजून सरळच चालला आहे.

"हे खरं नाई," सुभद्रा आतून म्हणाली.

"तू पाह्यलं का समिंदर?"

"तुमी तरी कुठी पाह्यला?"

"मी आता पाहून राहिलो," पुंजाराम म्हणाला. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या.

सुभद्रा गोष्टींना नाकं मुरडायची, पण दुपारी ज्वारी पाखडायला नेमकी ओसरीच्या दाराशीच बसायची. चारुशीलाला आता ती चारू म्हणू लागली होती. ताक घुसळलं की लोण्याचा पहिला गोळा तिच्या वाटीत पडायचा. पुंजारामनं एके दिवशी सांगून टाकलं, "मले मामा म्हनजो. बिनानात्याचं कोनी एवढं बोलत नाई." तेव्हापासून ते मामा-मामी झाले.

श्रावणात पूर्णा दुथडी भरून वाहू लागली. ओसरीवरून तिचा आवाज यायचा. चारुशीला एकदा तो आवाज ऐकत बसली होती आणि सहज म्हणाली, "हे सगळं पाणी जातं कुठे हो, मामा?"

"खाली जाते. लाखपुरीकडे."

"आणि तिथून?"

जन्मापासून पुंजाराम त्या नदीच्या काठी राहिला होता. लाखपुरीच्या पुढे ती काय करते हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

संध्याकाळी रविकांत शाळेतून आला तेव्हा त्याला उभ्या उभ्याच परत पाठवण्यात आलं, नकाशा आणायला. रविकांत शांत, नीटनेटका तरुण होता. बायको आल्यापासून गप्प असते याचं त्याला मनातून फार वाईट वाटायचं, आणि ती बोलू लागली तेव्हा कारण काय हे न विचारण्याचा शहाणपणा त्याच्यात होता. त्यानं शाळेतला मध्यप्रांत-वऱ्हाडचा नकाशा आणून खाटेवर पसरला. बोटानं पूर्णा दाखवली. लाखपुरी, मग अकोल्याच्या वरच्या अंगानं, मग मलकापूर तालुका. तिथे नकाशाची कड आली.

"पुढं?" पुंजाराम म्हणाला.

"पुढं मुंबई इलाखा. तो ह्या नकाशात नाही."

"नकाशा सरला मास्तर, नदी थोडीच सरली!"

दुसऱ्या दिवशी रविकांतनं हिंदुस्थानचा मोठा नकाशा आणला. त्यात पूर्णा केसाएवढी होती. तिघांची डोकी तिच्यावर वाकली, सुभद्रा मागं उभी. केसाएवढी रेघ चांगदेवापाशी तापीला मिळाली, तापी भुसावळवरून पश्चिमेला गेली, सुरतेला पोचली आणि निळ्या रंगात उतरली.

"म्हनजे आमची पूर्णा समिंदराले जाते?"

"जाते," रविकांत म्हणाला.

"आमच्या घरापुढून?"

"आपल्या घरापुढून."

पुंजारामनं निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू खाली सरकवत नेलं. "अन् हर्णै कुठी?" चारुशीलानं दाखवलं. त्या दोन बोटांमध्ये चार इंचांचं अंतर होतं.

"मंग आपन कायतरी धाडू," तो म्हणाला.

हे ठरायला वेळ लागला नाही, पण काय धाडायचं यावर चार दिवस वाद झाला. शेवटी माळ्यावरचा एक वाळलेला मोठा भोपळा निघाला, पोहणारी पोरं कमरेला बांधतात तसला. पुंजारामनं खाटेवर पडल्यापडल्याच त्याचं तोंड कोरलं, आतलं बी काढलं. त्यात त्यानं चिमूटभर काळी माती आणि कापसाचं एक बोंड घातलं. रविकांतनं स्वतःचा पत्ता लिहिलेली पाच पोस्टकार्डं मेणकापडात गुंडाळून दिली. चारुशीलानं एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "हा भोपळा पूर्णेवरच्या खारपिंपरीहून समुद्राला निघाला आहे. वाटेत अडकलेला दिसला तर कृपा करून एक कार्ड काढावं, कुठं सापडला ते लिहून टपालात टाकावं, आणि भोपळा पुन्हा नीट बंद करून पाण्यात सोडावा. बाकी कार्डं पुढच्यांसाठी आहेत." तोंड लाखेनं बंद केलं आणि बाहेर डांबरानं मोठ्या अक्षरात 'उघडा' असं लिहिलं.

सुभद्रानं सगळं पाहून घेतलं. "पह्यल्याच वळनावर बाभळीत अडकन. नाई तं कोनी पानी पेयाले नेईन. लोकं काय रिकामे बसले तुमच्यासाठी?"

पण नदीवर भोपळा घेऊन तीच गेली, कारण पुंजारामला उठता येत नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चारुशीला आणि ती काठावर उभ्या राहिल्या. पाणी गढूळ, जोरात होतं. सुभद्रानं भोपळ्याला कुंकू लावलं. चारुशीला पाहू लागली तशी ती म्हणाली, "पाहतं काय? सासरी चाललं ते." आणि हात लांब करून तिनं तो धारेत सोडला. भोपळा एकदा बुडाला, वर आला, गोल फिरला आणि वळणाकडे गेला. बाभळीत अडकला नाही. सुभद्रा तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती.

पहिलं कार्ड सतरा दिवसांनी आलं. लाखपुरीच्या देवळातल्या पुजाऱ्याचं. "आपला भोपळा घाटाच्या पायरीशी आला. कोणी नारळ वाहिला असं प्रथम वाटलं. देवापुढे क्षणभर ठेवून मेणानं बंद करून पुन्हा सोडला आहे. आपले कल्याण असो."

पुंजारामनं ते कार्ड रविकांतकडून तीनदा वाचून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. गावात बातमी फुटली. लोक खाटेपाशी जमू लागले, आणि पुंजाराम त्यांना आठ हातांच्या माशापासून सगळं सांगू लागला.

दुसरं कार्ड दसऱ्याच्या आधी, येरळीच्या नावाड्याचं. लिहिलं होतं दुसऱ्या कोणीतरी, पण बोलणं त्याचंच: "भोपळा माझ्या नावेवर आपटला. मी बारा वर्षे लोकांना ह्या तीरावरून त्या तीरावर नेतो. नदीच्या अंगानं लांब जाणारा उतारू हा पहिलाच. डोंग्यात बसवून दोन कोस पुढे नेऊन सोडला, कारण इथं भोवरा आहे."

हे ऐकून सुभद्रा चुलीपाशी उठून गेली आणि धूर डोळ्यात गेल्यासारखे डोळे चोळत बसली. लोक रिकामे बसले नव्हते, तरी थांबले होते.

तिसरं चांगदेवाहून. तिथल्या कौशल्या नावाच्या कोळणीच्या जाळ्यात भोपळा आला होता. टपाल नेणाऱ्यानं तिच्या वतीनं दोन ओळी लिहिल्या: "बाईनं विचारलं आहे, आत माती कशाला घातली. मी म्हटलं, माहेरची असेल. तर तिनं तिच्या अंगणातली चिमूटभर त्यात टाकली आहे."

चौथं कार्ड कार्तिकात आलं. भुसावळजवळच्या तापीच्या पुलावर काम करणाऱ्या रेल्वेच्या एका खलाशाचं, हिंदीत, पेन्सिलीनं. त्याची बरीचशी अक्षरं पाण्यानं पुसली होती, पण 'ठीक है, आगे गया' एवढं वाचता येत होतं.

पाचवं कार्ड आलं नाही. पुंजारामचा पाय तोवर सुटला होता. तो काठी घेऊन लंगडत रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभा राहायचा. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. कापूस वेचून झाला. नत्थुजीची पेरणी चांगली निघाली होती, आणि पुंजारामनं ते चारचौघांत कबूलही केलं.

याच दिवसांत चारुशीलाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे हर्णैला. पण नेणार कोण? चिंतामणभटांना गुडघेदुखीनं प्रवास झेपत नव्हता, आणि रविकांतच्या शाळेत नेमकी तपासणी ठरली होती. त्याच्या रजेच्या दोन्ही अर्जांना नकार आला. रविकांत रोज ओसरीवर बसून वेळापत्रक पाहायचा आणि बाजूला ठेवायचा.

"मामा कशाले केला मंग तिनं?" पुंजाराम एके दिवशी म्हणाला. "मी नेतो."

"तुमी?" सुभद्रा ओरडली. "मूर्तिजापूरच्या पुढं कधी गेले नाई तुमी!"

"तू बी गेली नाई. चाल."

आणि ते गेले. माघातल्या एका सकाळी, बोचकी, दशम्या, तीळ-गुळाचे लाडू, आणि चारुशीलाच्या आईसाठी सुभद्रानं स्वतः निवडलेली पायलीभर तूर घेऊन. मुंबईत त्यांनी डोळे उघडे ठेवले पण मन लावलं नाही. ते ज्यासाठी आले होते ते पुढे होतं. धक्क्यावरून आगबोट निघाली, जमीन मागं सरकली, आणि पुंजारामनं एवढे महिने बोटानं नकाशावर शोधलेला समुद्र एकदम चारही बाजूंनी त्याच्यासमोर उभा राहिला.

त्याला पाहता आलाच नाही. बोट हलायला लागताच तो आडवा झाला तो हर्णैपर्यंत उठला नाही. चारुशीला त्याच्या कपाळाला लिंबू चोळत होती आणि तो डोळे मिटून कण्हत होता, "चारू, याले सांग जरासा थांब म्हना."

सुभद्राला मात्र काहीही झालं नाही. ती कठड्याला धरून उभी होती, पदर वाऱ्यावर. चारुशीलानं दोनदा हाक मारली, तिला ऐकू गेली नाही.

हर्णैला बोट लांब उभी राहते. तिथून पडाव, आणि पडाव वाळूला लागायच्या आधीच खलाशी उतारूंना उचलून कोरड्यावर नेतात. चारुशीलाला खुर्चीत बसवून चौघांनी नेलं. पुंजाराम पाटलाला एका तरण्या खलाशानं खांद्यावर घेतलं. तो वरून ओरडत होता, "अरे पाय, माया पाय मोडेल हाय!" सुभद्रानं कोणालाही हात लावू दिला नाही. लुगडं वर खोचून ती पाण्यात उतरली आणि आपल्या पायानं चालत आली.

ती दोघं पंधरा दिवस राहिली. चिंतामणभट आणि पुंजाराम पहिल्या दिवशी एकमेकांचं बोलणं न कळून नुसते हसत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांवाचून चहा घेईनात. दोघे ओटीवर बसून पाण्याकडे पाहायचे.

"इथी आमचा भोपळा आला असन तं?" पुंजारामनं विचारलं.

चिंतामणभटांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांनी वारा कोणत्या महिन्यात कुठला असतो ते सांगितलं, सुरतेहून इकडे यायचं तर अजून वेळ लागेल म्हणाले, आणि दुपारी त्याला घेऊन कोळीवाड्यात गेले. तिथे चारपाच जणांना विचारलं. भोपळा कोणी पाहिला नव्हता. पण ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि एकानं सांगितलं की दिसला तर भटजींकडे आणून देऊ.

परतताना पुंजाराम थकला म्हणून वाळूवर बसला. चारुशीला मागून आली होती. तीही जपून त्याच्या शेजारी टेकली. तिला वाटलं, त्याला वाईट वाटलं असणार.

"नाई आला तं नाई आला," तो म्हणाला. काठीनं त्यानं वाळूवर एक रेघ ओढली. "मी तं आलो ना बाई."

सुभद्रा सापडत नसे. पहाटे उठून ती पाण्याशी जायची. चारुशीलाच्या आईला वाटायचं, ही बाई बुडेल. एकदा सगळी तिला शोधायला गेली तर ती गुडघाभर पाण्यात उभी राहून लाटेला दम देत होती, "ये तं खरं! ये, पाह्यते तुले!" आणि लाट आली की सगळ्या अंगानं हसत होती. पुंजाराम तिच्याकडे पाहत राहिला. चाळीस वर्षांत तिला असं हसताना त्यानं पाहिलं नव्हतं, असं तो चारुशीलाला नंतर म्हणाला, आणि म्हणताना थोडा लाजला.

निघायच्या दिवशी सुभद्रानं चारुशीलाच्या पोटावर हात ठेवला, कानशिलावर बोटं मोडली. "नीट होईन सगळं. पोट्टं घेऊन ये लवकर." मग ती पाठ फिरवून पडावाकडे चालू लागली. पुंजाराम मागे वळून वळून पाहत होता. त्याच्या खिशात एका हातात मावतील एवढे शंख होते.

चैत्रात चारुशीलाला मुलगी झाली. नाव अनुपमा ठेवलं. बारशानंतर चार दिवसांनी रविकांतचं पत्र आलं, आणि ते तिनं पाळण्याशी बसून वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"इकडची बातमी अशी," रविकांतनं लिहिलं होतं, "की समुद्र आता मामींचा झाला आहे. संध्याकाळी गावातल्या निम्म्या बाया ओसरीवर असतात. परवा मी स्वतः ऐकलं की हर्णैला एक मासा रोज सकाळी तुमच्या ओटीवर येऊन रामराम करतो आणि तुझ्या वडिलांनी पंचांग वाचल्याशिवाय जात नाही. काल त्या एका माशाचे दोन झाले. पुढच्या गल्लीतल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, हे खरं नाही. तेव्हा मामींनी त्यांना विचारलं, तुमी पाह्यला का समिंदर? मामा बाजूला बसून मान डोलावतात. मी त्यांना एकांतात विचारलं, तर म्हणाले, 'मास्तर, मी तं बोटीत डोळे मिटून होतो. तिनं पाह्यलं असन.'"

चिंतामणभटांना ठसका लागला. पत्राच्या शेवटी वेगळ्या शाईत चार ओळी होत्या. त्या सुभद्रानं सांगितल्या आणि रविकांतनं जशाच्या तशा उतरवल्या होत्या.

"चारू, पोरीले पाहाले जीव तुटून राहिला. लवकर ये. लोकं मले रोज इचारतेत, समिंदरात अजून काय काय असते. माया जवळचं सरत आलं. तुयाजवळ असन तं दोनचार लिहून धाड, तोवर मी मासा पुरवून पुरवून वापरतो."

चारुशीलानं त्याच दुपारी कागद आणि दौत मागितली. पहिलं वाक्य लिहून झालं तेवढ्यात अनुपमा उठली आणि रडू लागली. मग एका हातानं पाळण्याची दोरी ओढत ती दुसऱ्या हातानं लिहीत राहिली.